फळीवरची रिकामी सावली

४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढ्या तीन शब्दांत मला गुंडाळतोस, म्हणून आज पत्र लिहायला बसले आहे. पत्रही बाजूला ठेवून देता येतं म्हणा, पण ते टेबलावरून तुझ्याकडे बघत तर राहील.

बातमी अशी की गॅरेज आवरायला काढलंय. आपल्या घराला गॅरेज आहे आणि गाडी कधीच नव्हती, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. बाबांनी चाळीस वर्षं तिथे खुर्च्या आणि खिडक्या केल्या. ते गेल्यापासून आठ महिने शटर बंद होतं. आता तिथे आईची खोली करायची आहे. पुढच्या दाराला पाच पायऱ्या, आणि पॅरालिसिस झाल्यापासून पाच महिन्यांत आईनं रस्ता पाहिलेला नाही. गॅरेजला स्वयंपाकघरातून एकच पायरी उतरावी लागते आणि शटर वर केलं की फरशी थेट रस्त्याला लागते. चाकाची खुर्ची ढकलली की ती बाहेर. रंगारी सत्तावीस तारखेला येणार आहे, तोवर मला सगळं उपसायचंय.

पण उपसायला हात लावला की कळतं, त्या माणसानं तिथे काय संसार मांडला होता. स्क्रूच्या काचेच्या बरण्या आठवतात? झाकणं वरच्या फळीला खालून ठोकलेली, बरणी फिरवली की हातात. एकशे बारा बरण्या निघाल्या. खाली तीन ड्रॉवर, त्यांच्यावर चिठ्ठ्या: ‘कामाचे’, ‘बिनकामाचे’, ‘कदाचित’. ‘कदाचित’ सगळ्यात मोठा आणि उघडेना. प्रत्येक वस्तूच्या मागे पेन्सिलीनं तारीख. मी बसते त्या खुर्चीच्या खाली पण आहे, आजच उलटी करून पाहिली.

आणि करवतीच्या मशीनच्या मागची ती मोठी फळी. प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात काढलेली सावली आणि त्या सावलीत ते ते हत्यार. जिथली वस्तू तिथं. एखादी सावली रिकामी दिसली की घरात चौकशी बसायची, हे मला आत जायची बंदी असूनही ठाऊक आहे. सगळं अजून जागच्या जागी आहे. एक करवत तर अशी कोरी आहे की कधी वापरलेलीच नसावी. मूठ इतकी सुंदर कोरलीय, पण हातात धरली तर बोचते.

एकच सावली रिकामी आहे. मशीनच्या डाव्या अंगाला, हाताशी. वीतभर लांब, पुढे चोचीसारखी खाच, मागे फुगीर. मासा म्हणावा तर मासा नाही. तू तर बाबांच्या हाताखाली काम केलंस. ते काय आहे, सांग बघू.

आई बरी आहे. उजवी बाजू तशीच. बोलणं म्हणजे दोनच शब्द उरलेत, ‘राहू दे’. चहा देऊ? राहू दे. पंखा लावू? राहू दे. डॉक्टर म्हणतात असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. मी गादीवर औषधाच्या गोळ्या मोजत असते आणि ती छताला सांगत असते, राहू दे.

तुझी भिंगरी


११ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. टेबलावरून बघत होतं खरं.

आवराआवरीबाबत मला विचारलंस ते बरं केलंस, कारण मी आता या विषयातला जाणकार आहे. स्टेशनच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात अठरा वर्षं काढली. छत्र्या एका बाजूला, चष्मे एका बाजूला, आणि एक लाकडी पाय आहे, तो कुठल्या बाजूला ठेवावा यावर अजून एकमत नाही. आमचा नियम सोपा: नव्वद दिवस वाट पाहायची. मालक आला नाही तर वस्तू पुढे पाठवायची. वस्तूवर जीव लावायचा नाही.

तू पण तसंच कर. तीन ढीग घाल: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. ‘कदाचित’ ड्रॉवर उघडूच नकोस, तसाच टाकून दे. सुतारकामाच्या शाळा जुनी हत्यारं आनंदानं नेतात. बरण्या राहू देत, तुला घरात लागतील.

मात्र फळीपासून सुरुवात कर. तिच्यावर आधी रंग मार, दोन हात. काळ्यावर पांढरा एका हातात बसत नाही. त्या सावल्या भिंतीवर असताना आईला त्या खोलीत झोप कशी लागेल?

त्या आकाराबद्दल काही कल्पना नाही. बाबा नाही नाही त्या गोष्टी करून ठेवायचे.

आईला माझा नमस्कार सांग. रजेचं बघतो.

दादा


१७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

‘रजेचं बघतो’ हे तू बाबा गेले तेव्हाही म्हणाला होतास. ते राहू दे. बघ, मलाही आता आईची सवय लागली.

उंटावरून शेळ्या हाकतोस, पण तीन ढिगांची युक्ती चालली. शाळेची माणसं येऊन फळीवरची हत्यारं सोडून अर्धं सामान घेऊन गेली. वासे मोकळे झाले, भिंती दिसायला लागल्या. तुझी अक्षरं मात्र अजून तशीच पुसलेली येतात. डावखुऱ्या माणसानं शाईचं पेन वापरू नये हे तुला शाळेपासून सांगतायत.

आता जे लिहितेय ते वाचून हसू नकोस.

मशीनच्या बाजूला, फळीच्या बाहेर, एका खिळ्याला लाकडाची एक पट्टी टांगलेली सापडली. पुढे खाच, मागे फुगीर. त्या रिकाम्या सावलीच्या जातीचीच, पण अंगानं जरा मोठी. मला वाटलं, सापडली हरवलेली वस्तू. सावलीत टांगली. बुधवारी औषधाच्या दुकानातून, कामावरून, चार वाजता परत आले, तर पट्टी पुन्हा खिळ्यावर, सावली रिकामी. म्हटलं, तुझ्या मेहुण्याचं काम. तो शपथेवर नाही म्हणाला. गुरुवारी पुन्हा टांगली, शुक्रवारी पुन्हा, आणि दोन्ही दिवशी तेच. बाकी कशालाही हात लागत नाही. बरण्या मी कुठल्या कुठे नेल्या, त्याचं कुणाला काही नाही. फक्त ती एक जागा कुणालातरी रिकामी हवी आहे.

शटरला आतून कडी होती, मी स्वतः पाहिलं. दुपारी घरात आई एकटी असते. शेजारच्या काकू तीन वाजता एकदा डोकावतात, त्यांना दर वेळी ती पलंगावरच दिसते. ती वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते तेच पुष्कळ.

आणि बाबांचं ते अर्ध्या पाठीचं लोखंडी स्टूल. मी आणि तुझ्या मेहुण्यानं मिळून ते भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात सरकवलं, दोघांनाही धाप लागली. रोज ते शटरकडे तोंड करून असतं. जसं कुणी बसून रस्त्याकडे बघत असावं.

मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. पण काल आत गेले तेव्हा ताज्या भुशाचा वास आला. आठ महिन्यांत तिथे कुणी लाकूड कापलेलं नाही. मी दारातच उभी राहिले आणि का कोण जाणे, ‘बाबा’ म्हणाले.

भिंगरी


२३ ऑक्टोबर

भिंगरी,

तू दमली आहेस. दिवसभर दुकान, मग आई, मग झाडलोट. अशा वेळी माणूस स्वतःच वस्तू हलवतो आणि विसरतो. इथे रोज असे लोक येतात, छत्री काखेत असते आणि छत्रीची तक्रार लिहून देतात. भुसा कोपऱ्यात साठून असतो, हवा दमट झाली की वास येतो. स्टूलचं म्हणशील तर फरशीला उतार आहे.

तो ढकल्या चुलीत घाल. नवा असो, जुना असो, मशीन विकल्यावर त्याचा उपयोग काय? आणि फळीवर उद्याच्या उद्या रंग मार. रंगाऱ्याची वाट कशाला बघतेस, डबा आण आणि तूच मार. मी पैसे पाठवू का? हे काम झालं की मला लगेच कळव. फोन केलास तरी चालेल.

दुपारी एकटी तिथे जाऊ नकोस.

दादा


२८ ऑक्टोबर

दादा,

‘ढकल्या’ म्हणजे काय?

मी ‘लाकडाची पट्टी’ लिहिलं होतं. तिला नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला आत यायची बंदी होती, मी अकरा वर्षांची होते. पहिल्या पत्रात तू लिहिलंस, काही कल्पना नाही. दुसऱ्या पत्रात तिला नाव घेऊन हाक मारलीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता माझ्याकडची बातमी ऐक. काल रंगारी आला. मी अर्धा दिवस रजा घेतली होती. त्यानं डबा उघडला, ब्रश बुडवला आणि फळीकडे वळला. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा टाकत होते. मागून वॉकरचा आवाज आला. वळून बघेपर्यंत आई माझ्या पाठीमागून दारापर्यंत पोचली होती. वॉकर आधी खाली ठेवला, मग डावा पाय, मग उजवा पाय ओढून घेतला. एक पायरी, दादा, आणि इतकी सराईत उतरली की ती रोज उतरत असणार. डाव्या हातानं तिनं खिळ्यावरची पट्टी चाचपली, आहे ना पाहिलं, आणि मग रिकाम्या सावलीवर तळहात पसरून उभी राहिली. रंगाऱ्याचा ब्रश हातभर अंतरावर थांबला.

‘राहू दे,’ ती म्हणाली. नेहमीसारखं छताला नाही. त्याच्या तोंडावर.

रंगारी बिचारा डबा घेऊन घरी गेला. आईच्या बोटांवर त्याच्या ब्रशचा पांढरा रंग उडाला होता, तो मी रॉकेलनं पुसला. पुसताना ती माझ्याकडे बघत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्या दोन शब्दांना गेले पाच महिने अर्थ होता आणि मीच बहिरी होते.

तेव्हा भूत कोण ते कळलं. का, ते कळलेलं नाही. ते तुला माहीत आहे. लिही. आणि खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

भिंगरी


५ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं.

गोल करवतीवर लाकूड पुढे सरकवायचं असतं. पातं जवळ आलं की बोटं मागे घ्यायची आणि खाच असलेल्या पट्टीनं ढकलायचं. ती पट्टी म्हणजे ढकल्या. नाव बाबांनीच ठेवलेलं. त्याची जागा मशीनच्या उजवीकडे होती, कारण बाबा उजव्या हाताचे. ते त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. नजर पात्यावर, हात बाजूला जायचा आणि ढकल्या हातात यायचा.

मी डावखुरा. माझं काम झालं की माझा हात आपोआप डावीकडे जायचा. डावीकडे एक मोकळा खिळा होता, मी ढकल्या तिथे अडकवून मोकळा व्हायचो. बाबा ओरडायचे. ‘जिथली वस्तू तिथं.’ दहादा ओरडले असतील. मी वीस वर्षांचा होतो, अक्कल होती, हात तेवढा ऐकत नव्हता. खरं सांगायचं तर त्यांची ती फळी मला कधी आपली वाटलीच नाही. तिच्यावरचं प्रत्येक हत्यार माझ्याकडे पाठ करून असायचं.

त्या दिवशी सकाळी मी खिडकीच्या पट्ट्या कापल्या आणि ढकल्या डावीकडे अडकवला. दुपारी बाबा मशीनवर होते, मी मागे पट्ट्यांना कागद मारत होतो. त्यांचा हात उजवीकडे गेला. तिथे काही नव्हतं. लाकूड अर्धं आत गेलेलं, थांबता येईना, त्यांनी हातानंच ढकललं.

दोन बोटं गेली हे तुला माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही. आई रिक्षा बघायला रस्त्यावर धावली आणि बाबा फरशीवर बसले, आणि त्या वेळी मी पहिलं काम काय केलं असेल तर डावीकडच्या खिळ्यावरचा ढकल्या काढून शर्टाखाली लपवला. त्यांच्या हाताला कापड गुंडाळायच्या आधी. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं, ‘ढकल्या कुठे होता रे?’ मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शिवी दिली असती तर मी वाचलो असतो.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. दीड महिना मी वरच्या खोलीत पडून असायचो आणि खालून ठोकाठोकीचा आवाज यायचा. एक हात बांधलेला माणूस काय ठोकतो, असं मनात यायचं, पण खाली जाऊन बघायची छाती झाली नाही. मग रेल्वेत नोकरी मिळाली आणि निघालो. सव्वीस वर्षं झाली.

ढकल्या माझ्याकडे आहे. कपाटात, स्वेटरखाली. लोकांच्या हरवलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाकडे एक चोरलेली वस्तू आहे. कधी कधी गोदामात दुपारी कुणी नसलं की रॅकच्या मागे करवतीचा आवाज येतो. लाकूड पात्याला लागताना आवाज बदलतो, तो बदल ऐकू येतो आणि मग मशीन बंद होतं. दर वेळी तिथेच बंद होतं.

तू लिहिलंस की सावली डाव्या अंगाला आहे, तेव्हाच मी समजलो. त्यांना कळलं होतं. माझ्या खिळ्यावर, नेमकी तिथेच त्यांनी ती सावली काढून ठेवली, म्हणजे येता-जाता दिसावं की हे कुणाचं कर्म आहे. आणि आता आई ती पुसू देत नाही. तिचा राग मी समजू शकतो. म्हणून म्हणत होतो, रंग मार.

बाबा गेले तेव्हा रजा मिळाली होती. स्टेशनवर आलोही होतो. गाडी निघून गेली तरी मी फलाटावरच होतो.

दादा


१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध म्हणून पोटाचं दिलं. परत बोलावून बदललं, नाहीतर आपल्या घरात अपघात करणारे दोघं झाले असते.

आधी मला राग आला. ढकल्याचा नाही, फलाटाचा. तो राग आहेच, तू आलास की काढीन. पण आता जे सांगते ते शांतपणे वाच.

तू लिहिलंस, ढकल्याची जागा उजवीकडे होती आणि बाबांनी ती एकच सावली मुद्दाम डावीकडे काढली. मी फळीसमोर जाऊन उभी राहिले. एकच का म्हणून? मग तुझ्या मेहुण्याला बोलावलं, आम्ही सगळी हत्यारं उतरवली, आठ स्क्रू काढले आणि फळी भिंतीपासून सोडवली.

दादा, फळी उलटी करून लावलेली होती. तिच्या मागच्या बाजूला जुन्या सावल्या आहेत. तू ज्या फळीवर काम केलंस ती ही. हातोडा उजवीकडे, पटाशा उजवीकडे, ढकल्या उजवीकडे. पुढच्या बाजूला सगळंच फिरवलेलं आहे. एक वस्तू नाही, छत्तीसच्या छत्तीस. हातोड्याचा दांडा, काटकोन बघायच्या गुण्याची बाजू, रंध्याची मूठ, सगळं डाव्या हाताला येईल असं. आणि मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं तारीख. अक्षर वेडंवाकडं आहे, तीन बोटांनी लिहिलेलं. ती तारीख तू घर सोडलंस त्याच्या तीन आठवडे आधीची आहे.

तू वर पडून ऐकत होतास ते हेच.

म्हणशील, उजवी बोटं गेली म्हणून त्यांनी स्वतःसाठी केलं असेल. मीही सव्वीस वर्षं तेच समजत होते. पण बाबा डावखुरे कधी झालेच नाहीत. दारातून मला त्यांची पाठ दिसायची. ते प्रत्येक वेळी उजवा हात अंगावरून पलीकडे नेऊन डावीकडचं हत्यार काढायचे. मला वाटायचं, त्या बोटांमुळे हात असा वाकडा जात असेल. आज पटाशांच्या मुठी एकेक करून पाहिल्या, सगळ्या उजव्या अंगठ्याखाली झिजल्यात. मशीनसमोरच्या फरशीवर एक खळगा आहे, बाजूला पाऊल टाकून टाकून पडलेला. त्यांना ती फळी सव्वीस वर्षं गैरसोयीची होती आणि त्यांनी ती परत फिरवली नाही.

मी लिहिलं होतं ना, एक करवत कोरी आहे आणि मूठ हातात बोचते? ती आज डाव्या हातात धरली. लोण्यासारखी बसली. तिच्या मुठीला घामाचा एक डाग नाही. ती त्यांनी घडवली, तेल देत राहिले आणि कधी वापरली नाही, कारण ती त्यांची नव्हती.

ढकल्याची सावली त्यांनी ढकल्या नसताना काढली, आठवणीनं. स्वतःपुरते नवे करत राहिले. ‘कदाचित’ ड्रॉवर शेवटी पटाशी घालून उघडला, त्यात वापरून खाच झिजलेले अकरा निघाले. बाबा ते सगळे बाहेरच्या खिळ्यावर टांगायचे, सावलीत एकही नाही. म्हणून आई माझी पट्टी रोज काढून ठेवत होती. ती जागा भरलेली तिला चालत नव्हती, कारण ती कुणाची आहे हे तिला माहीत होतं. तुला वाटलं तिनं तुझा गुन्हा जपून ठेवलाय. तिनं तुझी जागा राखली होती, येड्या.

आईला मी विचारलं. म्हटलं, आई, ही फळी दादासाठी का? तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, ‘राहू दे.’ आता त्याचा अर्थ कसा लावायचा ते तुझ्यावर आहे. पुष्कळ लागतात.

फळी आम्ही होती तशीच परत लावली. बाकी भिंतींना रंग झाला. पलंग फळीसमोर मांडला आणि रविवारी आईला तिथे हलवलं. मशीन अजून विकलेलं नाही. शटर वर केलं तेव्हा तिनं रस्त्यावर जाणाऱ्या एका कुत्र्याकडे इतका वेळ पाहिलं की कुत्रंच लाजलं.

एक गोष्ट राहिली. स्टूल आई हलवत नाही. मी सलग तीन दुपारी घरी थांबून पाहिलं. तिच्या एका हातानं ते तसूभरही सरकत नाही. फरशीला उतार आहे म्हणालास, म्हणून गोटी सोडून पाहिली, गोटी जागची हलली नाही. तरी ते रोज शटरकडे वळलेलं असतं. मी आता ते परत फिरवायचं सोडून दिलंय.

शटरची किल्ली अजून मीटरच्या डब्यावर असते, आणि आतली कडी मी आता लावत नाही.

भिंगरी


२० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तू दुकानातून यायला अजून तासभर आहे. तोंडानं हे मला सांगता येणार नाही, मी पुन्हा ‘हं’ आणि ‘बरं’ करीन, म्हणून बाबांच्या मशीनवर कागद ठेवून लिहितोय. आई झोपली आहे. हे पत्र तुला तिच्या उशाशी मिळेल आणि मी बहुतेक स्वयंपाकघरात चहाची भांडी शोधत असेन.

दोन वाजता पोचलो. पाच पायऱ्या चढायचं धाडस झालं नाही. किल्ली मीटरच्या डब्यावर होती. शटर वर केलं तर समोर स्टूल, माझ्याकडे तोंड करून. मी इतका दचकलो की ‘आलो’ म्हणून गेलो. कुणाला म्हणालो ते मला माहीत नाही.

आई पलंगावर बसली होती. तिनं मला ओळखलं की नाही, मला कळेना. मी पिशवीतून ढकल्या काढला, स्वेटरची लोकर त्याला चिकटलेली, ती झटकली. तिच्यासमोर फळीपाशी गेलो. मनात सारखं येत होतं की बसणार नाही. त्यांनी आठवणीनं काढलेली सावली, आठवण किती बरोबर असणार? बसला. खाचेसकट बसला. एका अंगाला केसाएवढी फट आहे, ती माझ्या हाताच्या झिजेची असेल. सव्वीस वर्षं मी तो रोज काढून बघत होतो.

मग मी मशीनसमोर उभा राहिलो. पात्यावर नजर ठेवली आणि डावा हात तसाच बाजूला सोडला. ढकल्या हातात आला. पुन्हा जागी ठेवला, पुन्हा हात सोडला. हातोडा आला. करवत आली. मला शोधावं लागलं नाही, भिंगरी. त्या खोलीत पहिल्यांदाच मला काही शोधावं लागलं नाही. मग मी रडलो, ते लिहायला हरकत नाही.

मागून वॉकरचा आवाज आला. आई शेजारी येऊन उभी राहिली. तिनं डावा हात ढकल्याकडे नेला. मला वाटलं, आता ती हा पण काढून खिळ्यावर टांगणार. तिनं तो बोटानं किंचित सरळ केला. मी म्हटलं, ‘आई, तो डावीकडे मीच ठेवला होता. आणि बाबांना मी खोटं बोललो.’

तिनं तोच हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, ‘राहू दे.’

तिला झोपवलं आणि लिहायला बसलो. अक्षरं पुसली गेलीत, ती तुला लावून घ्यावी लागतील. शटर मी वरच ठेवलंय, ऊन तिच्या पलंगापर्यंत येतंय. आत्ता कागद संपत आला म्हणून मान वर केली. स्टूल फळीकडे तोंड करून आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

दादा